यशवंताच्या ढोलाचं पान

"मग या तिन्हींतलं बरं कुठलं, तेवढं तरी सांगा."

"एकबी न्हाई."

"न वाजवता? नुसतं बघून?"

"बघितलं कुठं? तू बोलत हुतास, मी ऐकत हुते."

सकाळपासून रणजितचं आणि तानूआक्काचं हेच चाललं होतं. भिंतीला टेकवून तीन पानं उभी होती. ढोलाच्या तोंडावर जे ताणून बसवतात त्याला पान म्हणतात, मग ते कातड्याचं असो की प्लॅस्टिकचं. ही तिन्ही त्यानं पुण्याहून छातीशी धरून आणली होती, वाटेत कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

गडहिंग्लजच्या त्या बोळात ढोल, हलगी, पखवाज मढवणारी तानूआक्का ही एकटी बाई. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाईनं कातड्याला हात लावायचा नाही, असं सासरी बजावलेलं. तिनं फाटके ढोल उसवले, दोरी कुठून कुठं गेली होती ते उलटं वाचत गेली आणि विद्या काढून घेतली. गुरू कोण म्हणून विचारलं की ती गप्प बसायची. सांगायला नाव नव्हतं, आणि खोटं सांगायची तिला गरज नव्हती.

रणजितनं लहानपणी दोन उन्हाळे तिच्या हाताखाली काढले होते. आता तो पुण्यात स्टुडिओत ड्रम वाजवायचा. तीस जण त्याच्याकडं शिकायला यायचे. तेव्हापासून त्याची मान जरा आखडली आहे, असं आक्काचं मत होतं, आणि तिनं ते दारातच सांगून टाकलं होतं.

दोघांच्या मध्ये ढोल होता. त्याच्या बापाचा.

यशवंतानं चाळीस वर्षं बँडात मोठा ढोल वाजवला. त्या बँडाची एक रीत होती. बँडातला माणूस गेला की क्लॅरिनेट नाही, ताशा नाही. तिरडीपुढं एकटा मोठा ढोल चालायचा, घरापासून नदीपर्यंत. दहा पावलांना एक ठोका. यशवंतानं असं नऊ जणांना पोचवलं होतं.

दहावा तो स्वतः. त्या दिवशी ढोल रणजितच्या गळ्यात होता.

आणि पत्र्याच्या पिंपावर कुणी बुक्की मारावी, तसा तो वाजला. घरापासून नदीपर्यंत. कुणी चकार शब्द काढला नाही. बँडातली म्हातारी माणसं माना खाली घालून चालत राहिली. एकानं शिवी दिली असती तरी रणजितला बरं वाटलं असतं.

येत्या रविवारी वर्ष होत होतं. ढोल पुन्हा एकदा नदीपर्यंत न्यायचा, असं त्यानंच बँडवाल्यांना सांगितलं होतं. या वेळी आबांना त्यांच्या ढोलाच्या आवाजात पोचवायचं. आज गुरुवार होता.

"हे बघा," त्यानं पुन्हा पहिलं पान उचललं. "हे दोन थरांचं. मधे तेलाचा हात दिलेला. आवाज बसका येतो."

"हं."

"हे पांढऱ्या लेपाचं. आणि हे तिसरं... हे खास. जुन्या वळणाचं. वासराच्या कातड्यासारखं दिसतं, तसंच वाजतं. कडेला आतून नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी आहे. शिवाय ओल्या हवेनं ढिलं पडत नाही."

"पावसाळा आला तरी?"

"तरी."

"मग पावसाळा आला हे त्याला कळतं कसं?"

रणजितनं पान खाली ठेवलं. "आक्का, मस्करी नको. मला आवाजाला ऊब पाहिजे. आबांच्या ढोलाला होती तशी."

"ऊब."

"हो. ऊब."

आक्का पाटावर बसून दोरीला तेल चोळत होती. हात थांबला नाही.

"हलगी गार पडली तर काय करतोस?"

"शेकतो."

"शेकल्यावर?"

"ताणते. आवाज चढतो."

"कडक हुतो. कानाला लागतो." तिनं दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढली. "म्हंजे कातड्याला ऊब दिली की आवाजातली ऊब जाती. मग तू मागतोस ते काय?"

पुण्यात तीस जणांना तो हाच शब्द शिकवायचा.

"शब्द चुकला असंल माझा," तो म्हणाला. रागात त्याची बोली गावावर आली.

"शब्द बराबर हाय. तू हुडकतोयस ती जागा चुकली."

"तुम्ही सरळ उत्तर का देत नाही? कुठलं पान लावू, एवढंच विचारलं. दुकानातल्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं."

"मग त्याच्याकडंच थांबायचं हुतंस. हितं कशाला आलास?"

रणजितनं ढोलाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोळातून कुणाची तरी सायकल गेली.

"त्यानं आबांचा ढोल ऐकला नव्हता," रणजित म्हणाला.

आक्कानं दोरी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ढोलाशी आली. एका अंगाला रेडकाचं जुनं कातडं होतं, तिनंच मढवलेलं. दुसऱ्या अंगाला, वाजवायच्या बाजूला, गेल्या वर्षी रणजितनं बसवलेलं पांढरं प्लॅस्टिकचं पान. त्याच्या मधोमध काळी पट्टी चिकटवलेली.

दारावर करावी तशी तिनं त्या पट्टीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. कान लावला.

"आत कोण हाय?"

"कोण म्हणजे?"

"कोणतरी बसलंय आत. मी हाक मारली तर तोंड दाबून ऱ्हायलंय."

रणजितच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "ते... चादर आहे. सगळेच घालतात, आक्का. स्टुडिओत आम्ही उशी घालतो. नाहीतर फार घुमतो. रेकॉर्डिंगला नुसता गलका होतो."

"स्टुडिओचं म्या इच्यारलं न्हाई."

ती खाली बसली आणि दोरी सोडायला लागली. वर्षाची गाठ तिच्या नखांनी दमानं सुटली. कडं निघालं, पान निघालं. आत हात घालून तिनं चौकडीची एक चादर ओढून काढली. चार घड्यांची, कडांना सुतळी बांधून ढोलाच्या पोटाला घट्ट बसवलेली.

तिनं ती नाकाशी नेली.

"यशवंताची ही."

"त्या सकाळी हाताला तीच लागली. खाटेवरची."

चादरीच्या घड्या तिनं मोडल्या, ती झटकली, पुन्हा नीट घडी केली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर येताना भिंतीपाशी वाकली. हाताला आलं ते पान उचललं. जुन्या वळणाचं निघालं.

"हे लावू या."

"आत्ता तर म्हणालात, एकही नाही."

"तवा आत चादर हुती."

"पण... मला वाटलं तुम्ही कातडंच लावायला सांगाल. ते तिथं टांगलंय ते."

"ते एका देवळाचं हाय. आणि तुझ्यासाठी नवं भिजत घालीन, तर रविवारपतूर केससुद्धा निघायचं न्हाईत. हे चांगलं हाय. ज्यानं केलं त्यानं मन लावून केलंय." तिनं पानावरून तळवा फिरवला. "प्लॅस्टिकवर माझा राग न्हाई रं. मला काय कातडी इकायची हाईत?"

दोरी ओढायला दोघं लागतात. रणजितनं शर्ट काढून खुंटीला अडकवला. तो ओढायचा, ती लाकडी हातोडीनं कडं ठोकत फिरायची. दोन उन्हाळ्यांत शिकलेलं हातांना अजून येत होतं. कुठं दम धरायचा, कुठं सोडायचं. तिनं पानाच्या कडेकडेनं बोट वाजवत एक फेरा घेतला.

"ढिली सोड."

त्यानं सोडली.

"अजून."

"आक्का, पान गळंल."

"गळू दे थोडं. तू लई ताणतोस. बोलतानाबी."

तो नको असताना हसला. शेवटची गाठ तिनं मारू दिली ती त्यालाच. मग हातोडी खाली ठेवून ती उंबऱ्यात जाऊन बसली.

"हं. गळ्यात घाल. चाल."

पट्टा खांद्यावर घेऊन रणजितनं ढोल पोटाशी नीट केला. कापडी बोंडाची काठी उजव्या हातात धरली. मागच्या परसात उतरून एका टोकाला उभा राहिला आणि एक ठोका घातला.

आवाज खालून आला. जमिनीतून आल्यासारखा, गोल, भरलेला. भिंतीला टेकला, तिथून माघारी वळला... आणि रणजितचा डावा तळवा पानावर पडला. आवाज जागीच थांबला.

"तोच आहे," तो म्हणाला. "आक्का, तोच आवाज आहे."

"अर्धा हाय. हात का ठेवलास?"

"ठोका सुटा यायला पाहिजे. नाहीतर मागचा पुढच्यात मिसळतो."

"पुढचा कवा हाय?"

"दहा पावलांनी."

"दहा पावलांत मिसळायला कोण येतंय?"

तो दहा पावलं चालला. ठोका घातला. या खेपेला त्यानं ठरवून डावा हात ढोलाच्या कडेला धरला होता. तरी आवाज पसरायला लागला तसा तो हात आपला आपण निघाला आणि पानावर जाऊन बसला, मांजर ओळखीच्या मांडीवर बसावं तसा.

"सवय आहे," रणजित म्हणाला.

"हातगाडीच्या बैलालाबी सवय असती."

"हातगाडीला बैल नसतो, आक्का."

"म्हणूनच सांगते. ओढायला काय न्हाई, तरी तुझी सवय ओढतीया."

तिसऱ्या ठोक्याला त्यानं डावी मूठ आवळून धरली. आवाज परसभर झाला. बादलीतलं पाणी थरथरलं. दोन श्वास, तीन श्वास... आणि त्यानं मूठ उघडून पान दाबलं. जोरात, दोन वेळा, विस्तव विझवावा तसं.

"जमत नाही," तो म्हणाला.

त्यानं पट्टा खांद्यावर सारखा केला.

"संपतच नाही तो. नुसता घुमत राहतो, पातळ पातळ होत. मला वाटतं संपला, तर अजून असतोच. त्या दिवशी घरी एक ठोका घालून बघितला होता मी. एकच. तेवढ्यानं मी जमिनीवर बसलो. म्हणून चादर कोंबली. घातली नसती तर मी नदीपर्यंत पोचलो नसतो, आक्का."

"त्या दिवसाचं कोण काय म्हणतंय? तवा जमलं तेवढं केलंस."

"मग रविवारी पण तसंच करू. पातळ फडकं घालतो आत. आवाज चांगला येईल, सुटा येईल. लोकांना कुठं एवढं कळतंय?"

"लोकांसाठी वाजवणार हाईस?"

"तुम्हाला काय जातंय सांगायला." आता त्याचा आवाज चढला होता, आणि तो त्याला खाली आणता येत नव्हता. "तुम्ही उंबऱ्यात बसून हात काढ म्हणता. ढोल माझ्या पोटावर आहे. तो घुमतो तो माझ्या बरगड्यांत घुमतो. चाळीस वर्षं आबांच्या घुमला असेल, त्यांना सवय होती. ते परक्यांना पोचवत होते. मी..."

आक्का उठली. सावकाश चालत त्याच्यासमोर आली. ढोलाच्या पलीकडं उभी राहिली, त्याच्या छातीएवढी उंच.

"घाल."

"आक्का..."

"घाल एक."

त्यानं ठोका घातला. आवाज उठला आणि त्याबरोबर त्याचा डावा हात उठला, खाली आला. पण पानाला लागला नाही. मध्ये आक्काचा हात होता, सुरकुतलेला, तळवा वर केलेला. पानापासून बोटभर अंतरावर तिनं त्याचा तळवा आपल्या तळव्यावर झेलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. खाली ढोल घुमत होता. बारीक होत होता, दूर जात होता, तरी होता.

रणजितनं हात खाली दाबायचा प्रयत्न केला. म्हातारीच्या मनगटात चाळीस वर्षांच्या दोऱ्या होत्या. ते हललं नाही.

"हात उचल, रणजित," ती म्हणाली. "त्याला जाऊ दे."