बेगोनियाचे रिकामे फूल

मुलांनो, सह्याद्रीतल्या एका जंगलात एक मधमाशी राहत असे. मोठी कष्टाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. पावसाची झड लागली की रानातली बहुतेक फुले गळून जात आणि पोळ्यातल्या पिलांना चारायला पराग मिळेनासा होई. मग एकच आसरा उरे, पाणी पाझरणाऱ्या कड्यावरचे बेगोनिया. त्याचे पान एका बाजूला मोठे, दुसऱ्या बाजूला आखूड, देठ रसाळ आणि फुले फिकट गुलाबी.

बेगोनियाच्या एकाच झाडावर दोन तऱ्हेची फुले येतात. नर फुलात पिवळा पराग असतो. मादी फुलात परागही नसतो आणि मधही नसतो, पण त्याचा पिवळा गोंडा हुबेहूब नर फुलासारखा दिसतो. भिजत, धडपडत आलेली माशी तिथे हमखास फसे. एकदा त्याच कड्यावर राहणाऱ्या एका मुंगीने तिला खूण सांगितली, "ताई, पाकळ्यांच्या मागे बघ. तीन पंखांची हिरवी गाठ दिसली, की समज घर रिकामं!"

झाले! माशीने ही खूण पोळ्यातल्या साऱ्या बहिणींना सांगितली, आणि मादी फुलावर कुणी बसेना. मादी फूल काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, घटकाभर टेकून जा. तुझ्या पायांचा पराग मला लागला की पुरे."

"आमच्याकडे आधी पोटोबा!" माशी फणकारली. "फुकटच्या फेऱ्या मारायला मी काय रिकामी आहे?" त्या वर्षी पिले गुबगुबीत झाली. मादी फुले मात्र एकेक करून तशीच गळाली. पुढे पाने सुकली, झाडे मातीखालच्या कंदांत निजली, आणि एका साळिंदराने ते सारे कंद उकरून खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यात कड्यावर नुसते शेवाळ होते. माशी रडकुंडीला येऊन मुंगीला म्हणाली, "अगं, कंद गेले तर गेले, पण बी पडलं असेल ना? धुळीसारखं बारीक बी दरवर्षी कपारीत रुजतं!"

मुंगी खाली मान घालून म्हणाली, "ताई, ते बी त्या रिकाम्या घरातच धरायचं. मलाही ठाऊक नव्हतं गं."

माशी दिवसभर रान धुंडाळत राहिली. आठ दिवसांत पोळ्यातली पिले उपासमारीने मेली.

तात्पर्य : देणाऱ्याकडून तेवढे घ्यावे आणि ज्याच्याकडून काही मिळत नाही त्याला झिडकारावे, असे वागणाऱ्याला शेवटी देणाराही उरत नाही.