दोन लखलखीत वाडगे

रत्नागिरीची मृदुला भाटकर नोकरीसाठी फ्रान्समधल्या एका बंदरात राहायला गेली, तेव्हापासून तिथल्या नामांकित हॉटेलातला शिंपल्यांचा रस्सा खायचा म्हणून तिच्या मुलांनी हट्ट धरला होता. थोरल्या केतकीच्या दहाव्या वाढदिवसाला ती मुलांना घेऊन एकदाची तिथे गेली.

मुख्य वाढप्याने नाक मुरडलं. "मॅडम, मुलांना इथे तळलेले बटाटे मिळतात. आमच्या आचाऱ्याच्या हातची चव त्यांना काय कळणार?"

केतकीचा चेहरा पडला. मृदुला मात्र हसून म्हणाली, "ते आचाऱ्यालाच ठरवू द्या. मुलांनाही रस्साच वाढा. खाऊन झालं की सगळ्या टेबलांवरचे वाडगे आत न्या, पण कुठला कोणाचा ते सांगू नका. चव कोणाला कळली, ते आचारी वाडगे बघूनच सांगेल. मुलं हरली, तर आम्ही पुन्हा या दारात येणार नाही."

आजूबाजूचे लोक कान टवकारून ऐकत होते. वाढप्याला नाही म्हणता येईना.

पानात काही टाकायचं नाही, हे मुलांच्या अंगी मुरलेलं. सहा वर्षांच्या ओजसने तर पावाने पुसून पुसून वाडग्याचा तळ चकचकीत केला.

थोड्या वेळाने आचारी दोन लखलखीत वाडगे उंचावत धावतच बाहेर आला. "हे दर्दी खवय्ये कोण?"

"आम्ही!" दोन्ही पोरं खुर्चीवर उभीच राहिली.

"भुकेली होती, दुसरं काय!" वाढपी पुटपुटला.

"भूक घेऊन तर सगळेच आले होते," मृदुला म्हणाली. "मग बाकीच्या वाडग्यांत रस्सा उरला कसा?"

आचारी खो खो हसला आणि वाढप्याला म्हणाला, "जा, पातेलं घेऊन ये. आणि पोरं पुरे म्हणेपर्यंत वाढ!"