बांबूचा मनोरा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगराळ राज्यात एक लहरी नदी होती. वरच्या खोऱ्यात पाऊस पडला, की खाली लख्ख ऊन असतानाही अचानक लोंढा येई. एका वर्षी काठावरच्या गावातली अकरा माणसं वाहून गेली.

राजा हळहळला. यशोधर नावाच्या स्थपतीला तो म्हणाला, "लोकांना वेळीच कळेल असं काहीतरी कर."

गावाजवळच्या टेकडीवरून वरचं खोरं दिसे. तिथे उंच दगडी मनोरा बांधून त्यावर निशाणं लावायची, असं यशोधराने ठरवलं. पिवळं निशाण म्हणजे सावध राहा, केशरी म्हणजे काठ सोडा, लाल म्हणजे टेकडीवर पळा.

म्हातारा पाथरवट म्हणाला, "मालक, दगड बसला की बसला. आधी बांबूचा मनोरा उभा करू. लोकांना वापरून बघू द्या."

यशोधराला ते फारसं रुचलं नाही, पण त्याने ऐकलं. निशाणांचे अर्थ सांगणारी दवंडी पिटली. तिसऱ्या दिवशी चाचणी म्हणून लाल निशाण चढलं. टेकडीवर कोणीच आलं नाही.

तो तणतणत घाटावर गेला. "निशाण दिसत नाही का तुम्हाला?"

केरू नावाडी ओशाळून म्हणाला, "दिसलं, मालक. पण केशरी की लाल, ते या डोळ्यांना उमगत नाही."

चांगुणा परटीण कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "धुताना आमची पाठ टेकडीकडे असते. माझा दीरही असाच पाठमोरा होता. गेल्या साली गेला."

यशोधराचा राग विरला. तो घाटाच्या पायरीवर बसला. "मग तुला कसं कळेल, बाई?"

"कानावर आलं तर कळेल."

त्याने निशाणं उतरवून नगारा चढवला. दुसऱ्या खेपेला बरेच लोक आले, पण वळणापलीकडच्या वाडीला आवाज गेलाच नाही. तिथे दुसरा नगारा ठेवला. तिसऱ्या खेपेला म्हातारीकोतारीसुद्धा धापा टाकत वर आली. मगच पाथरवटाने पहिला दगड बसवला.

पुढच्या भाद्रपदात भर दुपारी नगारे कडाडले. सारा गाव टेकडीवर धावला. मागोमाग लोंढा आला. पुराने होड्या नेल्या, गोठे नेले, अर्धा घाट नेला. माणूस मात्र एकही नेला नाही.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी घडवायचं, त्यांच्या हाती ते कच्चं असतानाच द्यावं, खोट तेच दाखवतात आणि ती तेव्हाच सुधारता येते.