चेअरमनच्या गाडीची स्प्रिंग

स्प्रिंग चांगली आहे हे मी घसा फोडून सांगत होते, पण माझं कुणी खरं मानेना. डेअरीचे चेअरमन शेषरावअण्णा नव्या मोटरसायकलवर बसले की गाडी पार खाली दबायची आणि खड्ड्यात मागचं चाक धाडकन मडगार्डला लागायचं. अण्णा आमच्या गॅरेजपुढे येऊन गरजले, "तुझ्या नवऱ्यानं सर्व्हिसिंग करताना स्प्रिंग बिघडवली. माझा गाळा आजच खाली करा!"

आमचं पोट त्याच गाळ्यावर. मीच पुढे झाले.

"अण्णा, स्प्रिंगमध्ये दोष नाही."

"म्हणजे मी जाडा आहे? बोल की!"

हो म्हटलं तरी गाळा जाणार, नाही म्हटलं तरी जाणार.

"जाडे कशाला असाल? दुसऱ्याच्या मापाचा सदरा कुणाच्याही अंगात उसवतोच. स्प्रिंगसुद्धा बसणाऱ्याच्या वजनाला बेतून आवळतात. शोरूममधून ही गाडी कोण घेऊन आलं?"

"आमचा मेहुणा, विश्वंभर. काडीसारखा आहे तो."

"मग त्याच्याच मापाची राहिली ही."

नवऱ्यानं स्प्रिंग तीन खाचा आवळली. अण्णा बसले, तर गाडी दोन बोटंच दबली. गाळ्याचं नावही न काढता ते घराकडं तोंड करून ओरडले, "विश्वंभर!"