गुरुवारची बैठक

नदीकाठच्या एका गावात नागोजी नावाचा कासार राहत असे. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. काच कितीही नाजूक असो, मनगट कितीही निबर असो, बांगडी कधी चढली ते बाईला कळत नसे. लहान मुली त्याच्यापुढे रडायचं विसरत.

पण नागोजीला दारूची सवय लागली. आधी बाजारच्या दिवशी, मग रोज, मग सकाळीच. घोट पोटात गेल्याशिवाय हाताचा कंप थांबेना.

एकदा गावातल्या सुताराच्या मुलीचं लग्न निघालं. चुडा भरायला नागोजीला बोलावणं आलं. तिसरी बांगडी चढवताना त्याचा हात थरथरला. बांगडी फुटली आणि काच नवरीच्या मनगटात रुतली. हिरव्या चुड्यावर रक्त ओघळलं. नवरीची आई खालच्या आवाजात म्हणाली, "कासारभाऊ, उठा आता. आम्ही दुसऱ्याला बोलावतो."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नागोजीला वाटलं.

त्याच दिवशी त्यानं देवळात जाऊन दारू सोडायची शपथ घेतली. ती चार दिवस टिकली. पुन्हा घेतली, ती दोन दिवस. तिसऱ्यांदा तो देवळाकडे निघाला तेव्हा त्याची बायको गिरजा म्हणाली, "अहो, शपथ एकट्यानं घेता, म्हणून एकट्यानं मोडताही येते. नदीपलीकडे रखमाजी तेल्याच्या घाण्यावर दर गुरुवारी दुपारी माणसं जमतात. सगळी दारूच्या तावडीतून सुटायला धडपडणारी. तिथं जा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय."

पहिल्या गुरुवारी नागोजी होडीनं पलीकडे गेला आणि दारातूनच परत फिरला. आतून ओळखीचा आवाज ऐकू आला होता. पुढच्या गुरुवारी तो बांगड्यांची टोपली घेऊन गेला. कुणी विचारलं तर विकायला आलो, असं सांगणार होता.

म्हातारा रखमाजी दारातच भेटला. टोपलीकडे बघून तो म्हणाला, "ती बाहेर ठेवा आणि आत या. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच काहीतरी निमित्त काढून आलो होतो."

आत दहा-बारा माणसं गोणपाटावर बसली होती. त्यांत एक बाईही होती. कुणी कीर्तन केलं नाही की कुणी उपदेश केला नाही. जो तो आपलंच सांगत होता. एकाची आई गेली तेव्हा तो गुत्त्यावर पडलेला होता. एकाच्या हातून दिवा कलंडून घर जळालं होतं. नागोजीनं नुसतं आपलं नाव सांगितलं. नवरीच्या मनगटाची गोष्ट सांगायला त्याला आणखी दोन गुरुवार लागले. ती सांगताना तो रडला. "जाऊ द्या" असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांनी ती ऐकून घेतली. रखमाजी एवढंच बोलला, "जन्माची शपथ नको. आजचा दिवस सांभाळा."

तीन महिने नागोजी दारूला शिवला नाही. नव्या माणसांना त्याचं उदाहरण दिलं जाऊ लागलं.

मग गावची जत्रा आली. पाहुण्यांनी आग्रह केला. नागोजी एक पेला प्यायला, मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मन म्हणालं, 'पाहिलं कुणी? सांगितलंस तर नवी माणसं उगीच खचतील.' हा विचार मोठा शहाणपणाचा वाटत होता. नागोजी बराच वेळ घाण्याबाहेर एका दगडावर बसून राहिला. शेवटी उठला, आत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "काल मी प्यायलो. माझं उदाहरण आता कुणाला देऊ नका."

एवढं बोलून तो जायला वळला.

"कुठं चाललास? बस," रखमाजीनं सरकून जागा केली. "खरं उदाहरण तू आज दिलंस. मी अकरा वर्षं या बैठकीला बसतोय. तुम्हाला तारायला बसत नाही. एकटा राहिलो तर मीही पिईन, हे मला ठाऊक आहे."

तेवढ्यात तीन आठवडे तोंड न उघडलेला एक कोष्टी कोपऱ्यातून म्हणाला, "मीही परवा प्यायलो."

घरी येऊन नागोजीनं गिरजालाही सांगितलं. ती म्हणाली, "वास मला कालच आला होता. तुम्ही सांगता की लपवता, तेवढंच बघत होते."

नागोजीच्या हाताचा कंप पुरता कधीच गेला नाही. चुडे गिरजा भरू लागली. तो तिच्या हातात एकेक बांगडी देई. सुताराच्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही. पण त्यानं पुन्हा दारू घेतली नाही आणि गुरुवार चुकवला नाही.

एका पावसाळ्यात नदीला पूर आला. होड्या बंद झाल्या. गुरुवारी दुपारी नागोजी काठावर जाऊन बसला. थोड्या वेळानं पलीकडच्या काठावर रखमाजी येऊन बसला. मग कोष्टी आला, मग बाकीचे. पाण्याच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. तरी बैठक संपायची वेळ होईपर्यंत कुणी उठलं नाही.

तात्पर्य: व्यसन सोडायला निर्धार लागतो, पण तो टिकवायला सोबत लागते; आणि पडलो हे जो खरं सांगतो, त्यालाच सोबतीचा हात पोहोचतो.