शेवटच्या नावाची ओ

सोल्गोल गावामागे एक बुटकी टेकडी आहे. तिच्या उतरणीवर गवताने मढलेले तेवीस गोल उंचवटे आहेत. कोरियात माणसाला पुरल्यावर असा उंचवटा करतात. प्रत्येकापाशी एक लाकडी खुंटी, खुंटीवर नाव. आम्ही गेलो त्या दिवशी गवत नुकतेच कापले होते. गावातले, नाम आडनावाचे आजोबा पाइनच्या झाडाखाली दम खात थांबले आणि मग सांगू लागले.

जपानी अंमल नवा होता, असे सांगतात. प्रांताच्या कचेरीने जमीनमोजणीचा हुकूम काढला. मालकांची नावे आधी कळवायची आणि ठरल्या दिवशी प्रत्येकाने, नाहीतर त्याच्या नात्यातल्याने, जमिनीत नावाची खुंटी रोवून तिच्याशी उभे राहून नावाला ओ द्यायची. एका नावाला जरी ओ आली नाही, तरी तो अख्खा तुकडा सरकारजमा. टेकडी गेली तर थडगी उठणार, हे गावाला ठाऊक होते.

टेकडी कोणा एकाची नव्हती. आजोबांचे पणजोबा तेव्हा गावचे प्रमुख. मालक कोण, या रकान्यात त्यांनी तिथे निजलेल्यांची तेवीस नावे लिहून पाठवली. यात आपले काही चुकले, असे त्यांना शेवटपर्यंत वाटले नाही म्हणे.

ठरल्या दिवशी जपानी अधिकारी आला. नावे वाचायला सो ह्यांग-जे नावाचा कोरियन कारकून होता. अधिकाऱ्याला इथली भाषा येत नव्हती; ओ आली की तो यादीवर खूण करी. पहिले नाव वाचून कारकुनाने मान वर केली. समोर उंचवटा, शेजारी एक म्हातारी. तो समजला.

"आहेत," म्हातारी म्हणाली. "जन्मभर माझ्या हाकेला ओ दिली नाही त्यांनी. आता मीच देते."

लोक गालात हसले. कारकून वाचत राहिला. पुढे एका आईने पाच वर्षांच्या लेकीसाठी "आहे" म्हटले, पण इतके हळू, की कारकुनाने ते अधिकाऱ्याला मोठ्याने सांगितले.

तेविसावे नाव मा दोल-स्वेचे. परगावाहून आलेला कुंभार, मागे कोणी नाही. बावीस माणसे आपापल्या खुंटीशी, बाकीचा गाव आपापल्या शेतातल्या खुंटीशी. या खुंटीशी उभे राहायला कोणी उरलेच नव्हते. कारकुनाने नाव दोनदा वाचले. अधिकाऱ्याने लेखणी थांबवली.

तिसऱ्यांदा नाव वाचून कारकून स्वतः चालत त्या खुंटीशी गेला.

"आहे," तो म्हणाला. मग जपानीत सांगितले, "माझ्या नात्यातला आहे, साहेब."

अधिकाऱ्याने खूण केली. टेकडी राहिली.

कारकुनाने असे का केले, तेही सांगतात. त्याच्या गावात नावे पुकारली गेली, तेव्हा तो भलत्याच गावी नावे वाचत होता. त्याच्या कुळाच्या टेकडीला ओ द्यायला कोणी नव्हते; ती सरकारजमा झाली. तिथे त्याची बायको पुरलेली होती.

आजही भाद्रपदाच्या पौर्णिमेआधी, आपल्याकडे पितृपंधरवडा जवळ येतो तेव्हा, इथे गवत कापून नावे वाचतात. बावीस नावांना घरची माणसे ओ देतात. तेविसाव्या खुंटीशी गावचे कोणी उभे राहत नाही. ती जागा बाहेरून आलेल्याची.

आजोबांनी खिशातून यादी काढली आणि आमच्याकडे पाहिले.

"कोणीही चालेल," ते म्हणाले. "घाई नाही. तो थांबतो."