लख्ख पाणी

काचेच्या पेटीत समुद्र पाळायची हौस माणसाला नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. दमयंतीबाईंनी पेटीत खारं पाणी भरलं, वाळू पसरली आणि समुद्रातला एक शेवाळलेला दगड ठेवला.

पंधरवड्यातच त्यांनी पट्टेरी मासा आणला. पाण्याची सवय व्हावी म्हणून त्याची पिशवी पेटीत तरंगत ठेवली.

“काय लख्ख पाणी आहे!” मासा हरखला.

तळाचा खेकडा शंखातून डोकावत म्हणाला, “बाहेर येऊ नकोस रे! तुझ्याआधी तिघे आले, एकही उरला नाही. इथं आपलीच घाण आपल्याला विष होते. ती खाणारे बारीक जीव त्या दगडात राहायचे. तो सारखा म्हणायचा, महिनाभर थांबा, माझी माणसं वाढू देत.”

माशाने घाबरून हाक मारली, “दगडोबा, आता येऊ का?”

पांढराशुभ्र दगड काहीच बोलला नाही.

“पाहुणे येणार म्हणून बाईंनी सकाळीच त्याला उकळून, घासून काढलं,” खेकडा पुटपुटला.

वर कात्री चमकली. “नको! कापू नका!” मासा पिशवीभर तडफडू लागला.

“बघा, कसा आनंदाने नाचतोय,” बाई पाहुण्यांना म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी कापली.